तर्रीखालचे चणे

आमच्या इंदोऱ्यातल्या दहा बाय अकराच्या खोलीत
माझी गिटार भरल्या घरासारखी बोलायची.
एक कॉर्ड दाबली की
लोखंडी कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर, पलंगाखालची भांडी,
सगळी थोडी थोडी साथ द्यायची.
मला वाटायचं, हा माझाच हात.

मग मे महिना. कोराडी रोडवरचं लॉन.
रात्री साडेनऊला अडतीस,
आणि आठ जम्बो कूलर, वाळ्याचा वास फेकत
एकाच सुरात घुमणारे.
मी डिस्टॉर्शन बंद ठेवून, अगदी स्वच्छ,
पहिली कॉर्ड वाजवली.
गेली ती गेलीच. परत आली नाही.
उघड्यावर भिंती नसतात
हे मला बाविसाव्या वर्षी कळलं,
नवरदेवाच्या मामांसमोर.

ट्रेबल वाढवला.
सुई झाली.
रिव्हर्ब वाढवला.
सुई लांब कुठल्या विहिरीत पडली.
आवाजच वाढवला,
तर श्रावस्तीनं गाता गाता वळून पाहिलं,
दाढ ठणकावी तसं.

सकाळी सहाला टेम्पो रिकामा करून
आम्ही कडबी चौकात पोह्यांच्या गाडीवर.
हेमराज निखाडे, साऊंडवाले,
बारा वर्षं जयंतीच्या रात्री सांभाळलेला माणूस,
चमच्यानं लाल तेल बाजूला सारत म्हणाला,
"हे पाय. तर्री वर दिसते.
पोट भरते का तर्रीनं?
खाली चणे पायजे ना बे.
तू नुसती तर्री वाजवून राहिला."
चणे म्हणजे काय, मी विचारलं.
त्यानं चमचा माझ्या छातीच्या मधोमध टेकवला.
"मिड."
शर्टावर डाग पडला, अजून आहे.

आठवडाभर गच्चीवर वाजवलं, खोलीत नाही,
शेजारच्या डोमाजीकाकांचा कूलर चालू असताना,
कारण लॉनवर शांतता कोणी देणार नव्हतं.
नऊच्या तारा काढून अकराच्या चढवल्या.
पुलाजवळचा पिकअप सोडून मानेजवळच्यावर आलो.
गिटारचा व्हॉल्यूम सातवर,
ॲम्पचा गेन इतकाच
की हळू छेडलं तर निर्मळ,
जोर दिला तर कडेला किंचित खरखर,
संत्र्याच्या सालीला नख लागावं एवढी.
कॉम्प्रेसर थोडा. थोडाच,
नाहीतर सगळे सूर एका उंचीचे होतात,
शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेसारखे.
आणि एक छोटा डिले,
नव्वद मिलिसेकंद, एकदाच, दबक्या आवाजात:
आमच्या खोलीची भिंत
घडी घालून पेडलमध्ये नेली.

उज्वलला म्हटलं, कीबोर्डवरचा डावा हात जरा उचल,
तिथे मी राहायला येतोय.
तो दोन दिवस बोलला नाही.

शनिवार. दुसरं लॉन, तेच कूलर.
हेमराजभाऊनं मिक्सरला थेट जाणारी माझी वायर काढली,
ॲम्पच्या जाळीसमोर माईक ठेवला,
मधोमध नाही, कोनाच्या काठाला,
चार बोटं अंतर मोजून.
तोंडातला खर्रा तोंडात,
काही बोलला नाही.

कोणी थांबून ऐकलं असं नाही.
चाटच्या काउंटरवर गर्दी तशीच,
एक पोरगं स्टेजखाली झोपलेलं तसंच.
पण दुसऱ्या कडव्याआधी
श्रावस्ती नेहमी उज्वलकडे बघून सूर घेते,
त्या रात्री तिनं डोळे मिटलेलेच ठेवले
आणि माझ्या कॉर्डला
पाठ टेकून बसल्यासारखी गायली.

पहाटे वायरी गुंडाळताना
हेमराजभाऊ म्हणाला, "आजचे पोहे तुह्याकडून."
बोटं अशी सुजली होती
की खिशातली नोट निघेना.